जिभेखालची तार

माझं दूध वाईट आहे असं ज्या दिवशी ठरलं, त्या दिवशी माझी मुलगी सोळा दिवसांची होती आणि ठरवणारी होती एक मुंगी.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. नाव साळूबाई. त्यांनी सकाळीच माझ्या हातात पितळी वाटी दिली आणि म्हणाल्या, "राही, यात अंगावरचं दूध काढ जरा." मला वाटलं, पोरीला चोचीच्या बोंडल्यानं पाजायचं असेल. मी काढलं. त्याला कष्ट नव्हतेच. पोरगी नुसती रडली तरी माझी चोळी भिजायची. बघता बघता अर्धी वाटी भरली. आत्याबाईंनी चुलीमागच्या भिंतीवरची एक काळी मुंगी चिमटीत धरून आणली आणि वाटीत सोडली. मुंगी जगली तर दूध गोड, मेली तर दूध वाईट, अशी ती जुनी परीक्षा. मी ऐकून होते, पण माझ्यावर कुणी घेईल असं वाटलं नव्हतं. मुंगीनं थोडा वेळ पाय मारले आणि ती मेली.

"बघितलं?" आत्याबाई म्हणाल्या.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. भांडायला मी कधीच कमी नव्हते. पण त्यांचा चेहरा असा उतरला होता, की मी गप्प बसले आणि त्यांनी ते दूध उंबऱ्याबाहेर नेऊन ओतलं.

ही गोष्ट एकाहत्तर सालची. आमचं गाव प्रवरेच्या काठाला, नेवाशापासून बैलगाडीनं दीड तासावर. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण माझी आई मी पाचवीत असतानाच गेली होती. त्यामुळे सगळं सासरी, आत्याबाईंच्या हाताखाली. खोटं कशाला सांगू, त्यांनी माझं फार केलं. डिंकाचे लाडू, हाळिवाची खीर, शेपा, शेक, धुरी, कशाला म्हणून कमी केलं नाही. पोरीला न्हाऊ घालताना तर त्यांचे हात इतके हलके व्हायचे की मला माझ्या आईची आठवण यायची. पण पोरगी काही अंग धरेना. बाराव्या दिवसाचं बारसंही आत्याबाईंनी, आधी अंग धरू दे, म्हणून पुढं ढकललं. छातीशी घेतली की तोंड मारायची, टक टक असा आवाज करायची आणि सुटून जायची. पुन्हा तोंड मारायची, पुन्हा सुटायची. माझ्या छातीला चिरा पडल्या, त्यातून रक्त यायचं, मी ओठ चावून पाजत राहायचे. पाच मिनिटांत ती दमून झोपायची आणि अर्ध्या तासात भुकेनं उठायची. दूध आहे, पोर आहे, आणि तरी पोराच्या पोटात दूध नाही. असं कुठं असतं? सगळ्या गावाचं उत्तर एकच होतं, की दोष दुधात. मुंगीनं फक्त शिक्का मारला.

त्या दिवसापासून पोरीला अंगावर घेणं बंद झालं. म्हशीच्या दुधात पाणी घालून कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब पाजायचं. तिसऱ्या दिवशी तिला हगवण लागली. चौथ्या दिवशी तिचे गाल बसले आणि टाळू खोल गेली. मी नवऱ्याला म्हटलं, "आवो, काहीतरी करा." माझ्या नवऱ्याचं नाव मच्छिंद्र, तेव्हा घेत नव्हते, आता बिनदिक्कत घेते. माणूस सोन्यासारखा, पण आयुष्यात त्यानं कुठल्याही प्रश्नाला धड हो किंवा नाही म्हटलेलं नाही. तो म्हणाला, "आईला इचार." आईला विचारलं तर आई म्हणाल्या, "बघू." दोघं बघत होते आणि पोरगी माझ्या डोळ्यांदेखत वाळत होती.

पाचव्या दिवशी देवी टोचायला नर्सबाई आल्या. रेबेका त्यांचं नाव. मला सातवीपर्यंत शिकवलेल्या शांतवन मास्तरांची ही थोरली मुलगी, त्यामुळे मी त्यांच्यासमोर मोकळी बोलू शकत होते. पोरीला बघून त्यांनी टोचायची पेटी उघडलीच नाही. हात धुवायला पाणी मागितलं, साबण स्वतःच्या पिशवीतला काढला आणि ओसरीवर उजेडात बसून पोरीच्या तोंडात करंगळी घातली. मग तिला रडू दिलं. रडताना जीभ वर यायला हवी ती येतच नव्हती. मधोमध खाली ओढलेली, शेंड्याला खाच, पत्त्यातल्या बदामासारखी.

"हे बघ राही," त्या म्हणाल्या. "जिभेखाली ही तार दिसते का? जीभ बांधून ठेवलीय तिनं. पोरीला जीभ पुढं काढता येत नाही, मग ओढणार कशानं? याला टंग-टाय म्हणतात."

"टाय?" आत्याबाई दारातून म्हणाल्या. "ती सायबाच्या गळ्यात असती ती?"

मला हसू आलं. मुंगीच्या त्या परीक्षेनंतर पहिल्यांदाच आलं असेल. रेबेकाबाईही हसल्या. म्हणाल्या, "तसंच बांधलेलं आहे, आजी. पण सोडवता येतं. सोमवारी नेवाशाच्या दवाखान्यात डॉक्टर असतात, मीही असते. कात्रीनं एवढीशी तार कापली की झालं. आणि तोवर म्हशीचं दूध बंद करा. राहीचंच दूध काढून बोंडल्यानं पाजा."

आत्याबाईंचं हसू तिथल्या तिथं गेलं. त्या पुढं आल्या, पोरीला रेबेकाबाईंच्या मांडीवरून उचललं आणि पदराखाली घेतलं.

"जिभेला हात लावायचा न्हाई," त्या म्हणाल्या. "आन् तिचं दूधबी द्यायचं न्हाई. तुमी देवी टोचायला आलाय, देवी टोचा आन् जावा."

रेबेकाबाई रागावल्या नाहीत. जाताना मला एवढंच म्हणाल्या, "ठरवायचं तुम्हीच आहे. पण सोमवारच्या पुढं ढकलू नका. हिच्यात आता फार दम राहिला नाही."

त्या गेल्या आणि माझं डोकं फिरलं. आत्याबाई पोरीला घेऊन बसल्या होत्या. मी घरात गेले, सकाळी काढलेल्या म्हशीच्या दुधाच्या चरवीतून वाटीभर दूध घेतलं, भिंतीवरची एक मुंगी धरली आणि वाटी त्यांच्या समोर आणून ठेवली. त्यांच्या डोळ्यांदेखत मुंगी दुधात टाकली.

"ह्ये तुमच्या म्हशीचं दूध," मी म्हटलं. "आपुन समदे रोज चहात घालून पितो ते. बघा आता."

मुंगीनं पाय मारले. माझ्या दुधातल्या मुंगीनं मारले होते तेवढेच. आणि मेली.

"आता म्हशीचं दूधबी ईखाचं का?" मी म्हटलं. आवाज चढला होता, शेजारी ऐकू गेला असेल, जाऊ दे. "मुंगी दुधात पडली तर बुडनारच! तिला काय पवायला येतंय? मला दूध लई हुतं म्हनून बुडाली ती. थेंबभर असतं तर चालत बाहेर आली असती!"

मला वाटलं होतं, त्या आता माझ्यावर तुटून पडतील. मी पदर खोचून तयार होते. पण आत्याबाई वाटीकडं बघत राहिल्या. मग त्यांनी दुसरी मुंगी शोधली, स्वतःच्या हातानं टाकली, आणि तीही मेलेली बघितली.

"अठ्ठावीस वर्सं," त्या म्हणाल्या. "अठ्ठावीस वर्सं झाली आन् मला ह्ये सुचलं न्हाई."

त्यानंतर त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या पोटच्या मुलालाही ठाऊक नव्हतं. मच्छिंद्रच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता. एक पोर गेलं होतं एवढंच घरात सगळ्यांना माहीत. असं तर प्रत्येक घरात एखादं गेलेलं असायचं, कोण विचारतं. त्या मुलाचीही जीभ अशीच बांधलेली होती. गावची सुईण गोजरबाई. तिनं उजव्या करंगळीचं नख त्याच कामासाठी वाढवून ठेवलेलं. तिसऱ्या दिवशी तिनं नखानं ती तार तोडली, आणि पोरगं त्याच दिवशी लागलं प्यायला.

"काय प्यायचा!" आत्याबाई म्हणाल्या. "घटाघटा. मला वाटलं, झालं, सुटलो. आन् त्या दिसापासून आठव्या दिशी त्याचा जबडा बसला. तोंड उघडंना. अंग धनुकलीवानी वाकाय लागलं. सासूनं माझं दूध काढलं, मुंगी टाकली, मुंगी मेली. सासू म्हनली, तुझ्या दुधानंच गेला माझा नातू. दुसऱ्या दिशी बारसं हुतं त्याचं."

माझा पदर अजून खोचलेलाच होता.

"नखानं गेला का दुधानं, मला आजपातूर ठाव न्हाई," त्या म्हणाल्या. "म्हनून दोनीलाबी भ्याले. मच्छिंद्र झाला तवा त्याला येक दीस अंगाला लावला न्हाई. शेळीच्या दुधावर वाढवला. छाती ठनकायची, परसात जाऊन मातीत पिळायचे."

मी त्यांच्याजवळ बसले आणि रडले. त्यांच्यासाठी रडले हे खरं, पण स्वतःसाठीही रडले, कारण आता मीच अडकले होते. एक तासापूर्वी मला कात्री हवी होती. रागानं हवी होती, आत्याबाई नको म्हणतात म्हणून हवी होती. आता मला कळलं होतं की जीभ सोडवलेलं एक पोर याच घरात आठव्या दिवशी गेलंय. नुसत्या रागाच्या भरात पोरीच्या तोंडात कात्री घालू देता येत नाही. पदराखाली पोरगी कण्हत होती, धड रडायचीही ताकद नव्हती, आणि तिचं काय करायचं ते मला सांगणारं कुणी नव्हतं.

एक गोष्ट मात्र त्याच क्षणी ठरली. आत्याबाई उठल्या, ती पितळी वाटी घासून आणली, उकळत्या पाण्यानं विसळली आणि माझ्या हातात दिली. "काढ," म्हणाल्या. त्या दिवसापासून पोरीला बोंडल्यानं माझंच दूध. सोमवारपर्यंत हगवण थांबली. पण ती एवढी दमलेली होती, की चार बोंडली गेली की पाचव्याला दूध ओठांवरून खाली यायचं.

सोमवारी गाडी जुंपली. मच्छिंद्र हाकायला, मी आणि आत्याबाई मागं, पोरगी आत्याबाईंच्या मांडीवर. मी बोलावलं नव्हतं, त्या आपणहून बसल्या होत्या. वाटेत मी मच्छिंद्रला विचारलं, "तुमाला काय वाटतं? कापायचं का?" तो म्हणाला, "डाक्टर काय म्हनत्यात बघू." पुन्हा बघू!

डॉक्टर बोलायला तुसडे होते, पण बोलले ते सरळ. पोरीला काट्यावर घातलं, पाच पौंडसुद्धा भरली नाही. तोंड बघितलं. म्हणाले, "प्रत्येक पोराची कापावी लागत नाही. पुष्कळांची पुढं आपोआप सैल होते. तुमच्यापुढं दोन वाटा आहेत. एक, बोंडल्यानं पाजत राहा, महिना-दोन महिने वाट बघा. पण ही अशक्त आहे, तेवढा तग धरेल का ते मी सांगू शकत नाही. दुसरी, आज कापायची. मग ती ओढायला लागेल असं मला वाटतं. लिहून देणार नाही."

मी विचारलं, "कापलं तर धनुर्वात व्हईल का?"

डॉक्टरांनी माझ्याकडं नीट बघितलं. "कुणाला झाला होता?"

मी आत्याबाईंकडं बघितलं. त्यांनी सगळं सांगितलं. मला सांगितलं होतं त्याच्या अर्ध्या शब्दांत, मान खाली घालून. मच्छिंद्र बैलांना वैरण टाकून दारात येऊन उभा होता. त्यानंही ऐकलं. मातीत पिळलेल्या दुधाचंही ऐकलं.

"धनुर्वात घाणीतून होतो," डॉक्टर म्हणाले. "नखातली माती जखमेत गेली असणार. बाईचा हेतू चांगला होता, नख घाण होतं. माझी कात्री उकळलेली असते."

"म्हंजी दूध न्हवतं," आत्याबाई म्हणाल्या.

"दुधाचा काही संबंध नाही."

"दूध न्हवतं," त्या पुन्हा म्हणाल्या. आणि मग, "कातर माझ्यासमुर उकळा."

डॉक्टर कपाळाला आठ्या घालून काहीतरी बोलणार होते, पण रेबेकाबाईंनी आधीच स्टोव्हला पंप मारायला सुरुवात केली होती. भांड्यात पाणी, पाण्यात कात्री. आत्याबाई स्टोव्हपुढं जमिनीवर मांडी घालून बसल्या. पाण्याला उकळी आली तरी उठल्या नाहीत. बाहेर रांगेतले लोक कुरकुर करायला लागले. वीस मिनिटं झाली तशा रेबेकाबाई म्हणाल्या, "आजी, झालं बरं का." त्या म्हणाल्या, "आनि जरा." डॉक्टर खुर्चीत बसून राहिले, दुसरा पेशंट बोलावला नाही. तुसड्या माणसाबद्दल माझं मत तेव्हाच बदललं.

मग सहीचा कागद आला. रेबेकाबाईंनी तो सवयीनं मच्छिंद्रपुढं धरला. त्यानं आईकडं बघितलं. आत्याबाईंनी स्टोव्हपुढून मान वळवली.

"तिची घ्या सही," त्या म्हणाल्या. "दूध तिचं हाय, पोर तिचं हाय. मला इचारू नगा, मी भ्यालेलं मानूस हाय."

कागद माझ्यासमोर आला. मला लिहिता येत होतं, अक्षरही बरं होतं, पण पेन कागदावर टेकवलं नाही. मी पोरीकडं बघितलं. तिचे ओठ हवेतच हलत होते. झोपेतही ती दूध ओढायचा प्रयत्न करत होती, एकटीच, आणि तिला जमत नव्हतं. वाट बघायची तर ती हिच्या जिवावर बघायची, माझ्या नव्हे. हे मनात आलं आणि मी सही केली. पूर्ण नाव लिहिलं, नवऱ्याचं नाव आणि आडनाव धरून.

कापायला जेवढा वेळ लागला त्याहून जास्त वेळ मला हे वाक्य लिहायला लागतोय. रेबेकाबाईंनी डोकं धरलं, डॉक्टरांनी जीभ उचलली, कच्च असा बारीक आवाज, पोरगी किंचाळली, कापसावर दोन थेंब रक्त. "घ्या छातीशी," डॉक्टर म्हणाले. "आत्ता. लगेच."

मी भिंतीकडं तोंड करून बसले. पोरीनं तोंड मारलं आणि सुटली. पुन्हा मारलं. या वेळी तिनं धरलं. जीभ पुढं आली, मला ती कळली, मऊ आणि घट्ट. चिरांना लागलं, पण ते जुनं सोलून काढणारं दुखणं नव्हतं. आणि मग आवाज आला. टक टक नाही. गिळण्याचा. एक, आणखी एक, मग एकामागून एक. मी रडत होते आणि हसत होते. रेबेकाबाईंनी माझा पदर सारखा केला आणि त्याही डोळे पुसत बाहेर गेल्या.

घरी आल्यावर आठ दिवस मोजण्यात गेले. आत्याबाई रोज उठल्याबरोबर पहिलं काम तेच करायच्या. साबणानं हात धुवायच्या, रेबेकाबाईंनी दिलेल्याच साबणानं, आणि पोरीच्या ओठावर बोट ठेवायच्या. तोंड उघडतंय का बघायच्या. पोरगी उघडायची. आत्याबाई म्हणायच्या, "आज दुसरा." "आज चवथा." आम्ही दोघी कुणालाच काही सांगत नव्हतो. शेजारणी म्हणायच्या, पोरीनं काय बाळसं धरलंय गं! मी हसून म्हणायचे, दृष्ट लावू नका.

आठव्या दिवशी आत्याबाईंनी सकाळपासून अन्नाला हात लावला नाही. मीही नाही. पोरीला जांभई आली की आम्ही दोघी तिच्या तोंडात डोकावायचो. दुपारी मच्छिंद्र शेतावरून लवकर आला. कुणी बोलावलं नव्हतं. आमच्या लक्षात आलं, तोही मोजत होता. तो आईजवळ बसला.

"तुला मी येक दीस दूध पाजलं न्हाई रं," आत्याबाई अचानक म्हणाल्या.

मच्छिंद्र आईकडं वळला. मग म्हणाला, "मग मी काय वाळलो व्हय? शेळीचं तर शेळीचं. पाजलं तूच ना?"

एवढं सरळ उत्तर मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं.

ऊन उतरलं तशी पोरगी जागी झाली. आत्याबाईंनी हात धुतले, बोट तिच्या ओठाला लावलं. पोरीनं तोंड उघडलं, बोट आत घेतलं आणि असं ओढलं, की आत्याबाई ओरडल्याच, "आगं बया, सोडंना की!" त्यांचं बोट पोरीच्या तोंडात, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी. बराच वेळ त्यांनी ते काढून घेतलं नाही.

"पुंजाराम ठेवायचं हुतं त्याचं नाव," त्या म्हणाल्या. "कुनाला सांगितलं न्हाई कधी."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. त्या उठल्या, डोळे पुसले आणि मच्छिंद्रला म्हणाल्या, "शेजारच्या लंकाबाईकडनं पाळना घिऊन ये. बारसं करायचं."

"आत्ता?" तो म्हणाला. "घुगऱ्या न्हाईत, पावनं न्हाईत. उद्या करू की."

"उद्यावर ठेवायचं न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "आजच करायचं."

पाळणा आला. घुगऱ्यांच्या जागी गूळ वाटला. शेजारच्या चार बायका हातातली कामं टाकून आल्या, मला ओवाळलं, पोरीला पाळण्यात घातलं. नाव सांगायला नणंद नव्हती, म्हणून आत्याबाईच वाकल्या. माझी मुलगी शालन झाली. पण तिच्या कानात नाव सांगायच्या आधी त्या पाळण्यावर वाकून आणखी एक नाव पुटपुटल्या, ते मी ऐकलं. मी पाळण्याला लागूनच बसले होते. मग बायकांनी आत्याबाईंच्या पाठीत लटके गुद्दे मारले, सगळ्या हसल्या, आणि त्या गोंगाटात शालन मोठ्यानं रडायला लागली. तिला भूक लागली होती. मी तिला उचलून छातीशी घेतली.